ब्रुअरीच्या मागे बाग करताय? या चुका टाळा

बिअरमध्ये आपल्याच बागेतला संत्रा, बागेत पाखरं, मधमाश्या, आयडिया झकास आहे राजेहो, पण विदर्भात ती कुठं फसते ते आधी बघून घ्या. (वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथल्यांनी फक्त बागेपुरतं वाचा.)

पहिलं म्हणजे हॉप्स (बिअरला कडूपणा अन् वास देणारी वेल) लावायच्या भानगडीत पडू नका. त्याला उन्हाळ्यात लांबलचक दिवस अन् हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते, आपल्या देशात तो हिमाचलच्या लाहौलकडे होतो. नागपूरचा सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास, वरून मे महिन्यातले ४५ डिग्री. हॉप्स विकत आणा, बागेत संत्रा, आलं, गवती चहा, अंबाडी लावा.

आता संत्र्याची गळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) फळं टपाटप पडायला लागली की लोक खताला नाहीतर पाण्याला दोष देत बसतात. एक फळ उचलून दाबून बघा ना, सालीवर टाचणीएवढं भोक अन् त्यातून रसाची पिचकारी उडाली तर हा रस शोषणारा पतंग, रात्री येतो आणि त्याच्या अळ्या वाढतात गुळवेल-वासनवेलीवर, म्हणजे तुम्ही "जंगली राहू दे" म्हणून बांधावर चढू दिलेली तीच वेल. पाखरांसाठी बाग म्हणजे काहीच उपटायचं नाही असं थोडीच आहे. संत्र्याजवळची ती वेल काढा, बांधावर बोर, करवंद, बाभूळ राहू द्या, पडलेली फळं रोज वेचून खड्ड्यात गाडा. ती "वाया कशाला घालवायची" म्हणून बिअरमध्ये तर बिल्कुल ढकलू नका, सडका वास बॅचभर उतरतो. झाडावरचं पक्कं फळ घ्या अन् वरची केशरी सालच किसा, पांढरा भाग आला की कडूपणा आलाच. आणि बहार फुलोऱ्यात असताना फवारणी नको, मधमाश्या जातात.

"बाग केली म्हणून रानडुकरं यायला लागली" ही तक्रार तर ठरलेली. बागेनं नाही हो, तुमच्या चोथ्यानं! बिअर करताना उरलेला बार्लीचा ओला चोथा, त्यात पाऊण हिस्सा पाणीच, आपल्या उन्हात एका दिवसात आंबतो अन् वास पार शिवारभर. उघडा ढीग लावूच नका, ताजा असतानाच गोठ्यात पोचवा, बुरशी धरलेला मात्र गाईम्हशींना नाही, खत करायचा तर झाकलेल्या टाकीत. डुकरं आली म्हणून कुंपणात लाईनचा करंट सोडणं हा गुन्हा आहे, त्यात वाघ मेलेत, माणसंही मेलीत. फारच त्रास असेल तर सोलरचं झटका मशीन (तारेला हलका, जीव न घेणारा झटका देणारं) बसवा.

टाक्या धुतलेलं कॉस्टिक सोड्याचं दाहक पाणी पाखरांच्या तळ्याकडे वळवू नका, आधी न्यूट्रल करा, पीएच बघा. तळ्याची एक बाजू उतरती ठेवा, नाहीतर पडलेली खार, सरडा बाहेरच येत नाही.