इटलीला जाताय? तारखांपासून ताटापर्यंत या चुका टाळा

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि जमलं तर चिंक्वे तेर्रे ही समुद्रकाठची पाच गावं. इटली बघायला निघालेल्या बहुतेक मराठी कुटुंबांचा बेत असाच असतो आणि तो बिघडतो तोही बहुधा एकाच कारणाने. आधी विमान, मग हॉटेलं, मग रेल्वे आणि अगदी शेवटी प्रेक्षणीय स्थळांची तिकिटं, असा क्रम लावला जातो. इटलीत तो उलटा लागतो. मोठी ठिकाणं ठरावीक वारी बंद असतात, उघडी असतात तेव्हा ठरावीक वेळेचंच तिकीट मिळतं आणि ती वेळ हुकली की आत सोडतील याची खात्री नाही. म्हणून आधी कागदावर वार मांडा, मग हॉटेलांकडे वळा.

वार न बघता आखलेला कार्यक्रम

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. सिस्टीन चॅपेल त्याच्या आतच आहे, त्यामुळे तेही बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद. त्या दिवशी ९ ते २ प्रवेश फुकट असतो, पण शेवटचा प्रवेश साडेबाराला आणि रांग अफाट. ज्येष्ठ किंवा लहान मुलं बरोबर असतील तर या फुकटाच्या नादी लागू नये. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते तेव्हा सेंट पीटर्स बॅसिलिका दुपारपर्यंत सहसा बंद ठेवतात. म्युझियम मात्र त्या दिवशी चालू असतं. शिवाय दोन्हींचं प्रवेशद्वार एक नाही. सेंट पीटर्सच्या चौकातून म्युझियमच्या दारापर्यंत भिंतीच्या कडेने १५ मिनिटं चालावं लागतं. १० चं तिकीट असताना पावणेदहाला चौकात फोटो काढत उभं राहू नका.

सोमवारी फ्लोरेन्सची उफ्फिझी गॅलरी, डेव्हिडचा पुतळा असलेलं अकादेमिया, रोमची बोर्गेझे गॅलरी आणि मिलानचं ‘लास्ट सपर’ हे भित्तिचित्र ही चारही ठिकाणं बंद. शनिवारी रोमला उतरायचं, रविवारी व्हॅटिकन, सोमवारी फ्लोरेन्स हा बेत दिसायला सुटसुटीत आहे, पण त्यातले दोन्ही दिवस वाया जातात. तोच बेत रविवारी कोलोसियम आणि फोरम, सोमवारी व्हॅटिकन, मंगळवारी फ्लोरेन्सकडे, बुधवारी उफ्फिझी असा फिरवला की काही सुटत नाही. फक्त तो महिन्याचा पहिला रविवार नाही ना, हे बघा. त्या दिवशी सरकारी संग्रहालयं आणि कोलोसियम फुकट असतात, आगाऊ वेळ मिळत नाही आणि गर्दी आवरत नाही. तसा रविवार आला तर तो ट्रेव्ही कारंजं, पियाझ्झा नवोना, ट्रास्टेवेरेच्या गल्ल्या यांना द्यावा.

कोलोसियमची तिकिटं साधारण ३० दिवस आधी खुली होतात आणि गर्दीच्या महिन्यांत लवकर संपतात. २०२३ पासून ती नावानिशी मिळतात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात. इथे आपल्याकडच्या नावांचा घोळ होतो. महाराष्ट्रातल्या अनेक पासपोर्टांवर पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. तिकिटावर घरातलं चालू नाव टाकू नका, पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असला तरी त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट त्याच वेळेचं काढावं लागतं. ते राहून गेलं तर आईवडील आत आणि मूल बाहेर अशी वेळ येते.

अधिकृत संकेतस्थळावर तिकिटं संपलेली दिसली तर घाईने दलालाकडे जाऊ नका. आधी गाईडसह मिळणारी अधिकृत तिकिटं बघा, त्यांचा कोटा वेगळा असतो. तीही नसतील तर नाव असलेल्या कंपनीची गाईडेड टूर घ्या. ‘रांगेशिवाय प्रवेश’ म्हणजे तिकिटाची रांग टळते, सुरक्षा तपासणीची नाही.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. उन्हाळ्यात शॉर्ट्स घालायच्या असतील तर एक पातळ ओढणी किंवा लुंगीसारखं कापड पिशवीत असू द्या. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, वर जाताना वाट अरुंद होत जाते आणि मध्येच मागे फिरणं अवघड होतं. गुडघे दुखत असतील तर खाली चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे, तो घ्यावा.

व्हिसा आणि विमान

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे इटलीसह बऱ्याच युरोपीय देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण एप्रिल ते जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. इटलीत चार रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये पाच असतील तर अर्ज इटलीकडे चालणार नाही. रात्री सारख्या असतील तर पहिला प्रवेश जिथे, तो देश. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला हवा.

मुंबईहून रात्री दोनला सुटणाऱ्या विमानाची तारीख नीट वाचा. १० तारखेला पहाटे २ चं विमान म्हणजे ९ च्या रात्री घर सोडायचं. तारीख चुकली की हॉटेल आणि आगाऊ काढलेली तिकिटं सगळी एक दिवस सरकतात.

फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे जात असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या प्रवेशाला वेळ लागतो. दीड तासाचं कनेक्शन कागदावर चालतं, प्रत्यक्षात अडीच तास ठेवा. आणि परतीचं विमान रोमहूनच घेण्याचा हट्ट नको. रोमला उतरून व्हेनिस किंवा मिलानहून निघालं तर व्हेनिस ते रोम हा उलटा चार तासांचा रेल्वेप्रवास वाचतो.

रेल्वे: सगळ्यात जास्त दंड इथे भरले जातात

इटलीत दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत आणि त्यांचे नियम अगदी वेगळे. फ्रेच्चारोस्सा आणि इतालो या वेगवान गाड्यांना डबा आणि आसन ठरलेलं असतं. रोम ते फ्लोरेन्स त्या दीड तासात नेतात, भाडं विमानासारखं चढत जातं, आणि सगळ्यात स्वस्त तिकीट त्या एका गाडीपुरतंच असतं. ती चुकली तर बहुधा नवं तिकीट. लांबून उतरल्या दिवशीची गाडी काढताना म्हणूनच थोडं महाग, बदलता येणारं तिकीट घ्यावं.

रेजोनाले ही साधी गाडी. तिचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून काही वाचत नाही. पण कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट खिशात आहे, पैसे भरले आहेत, तरी शिक्का नाही म्हणून दंड होतो. कारण शिक्का नसलेलं तिकीट पुन्हा वापरता येतं. यंत्र बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशन लिहा आणि चढल्याबरोबर स्वतःहून तिकीट तपासनिसाला गाठा. तो आपल्यापर्यंत येईस्तोवर थांबलात तर सबब ऐकली जात नाही. मोबाइलवरच्या रेजोनाले तिकिटाला शिक्का नसतो, पण गाडी सुटण्याआधी त्यावर चेक-इन करावं लागतं. हे पुष्कळांना माहीत नसतं.

स्टेशनांची नावं इटालियनमध्येच शोधा: फिरेन्झे, व्हेनेझिया, नापोली. फ्लोरेन्सला सांता मारिया नोवेल्ला हे शहराच्या मध्यातलं स्टेशन, काम्पो दि मार्ते बाजूला पडतं. व्हेनिसच्या आधी मेस्त्रे लागतं, ते जमिनीवरचं उपनगर. कालव्यांच्या शहरात उतरायचं तर सांता लुचिया. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन दाखवतात, त्यामुळे आपलं गाव दिसलं नाही तर गोंधळू नका, गाडीचा नंबर ताडा. फलाट क्रमांक अनेकदा सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो.

संप हा तिथला नेहमीचा भाग आहे आणि तो आधी जाहीर होतो. निघण्याच्या आठवड्यात ‘शोपेरो’ (sciopero, म्हणजे संप) हा शब्द आणि तारीख टाकून शोधा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही सोडाव्या लागतात. विमान गाठायचं असेल तर त्याच वेळेतली गाडी धरा.

व्हेनिस

इथे चूक होते ती हॉटेल निवडताना. नकाशावर स्टेशनपासून ७०० मीटर दिसतं, पण शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. २३ किलोची बॅग घेऊन असे चार पूल ओलांडले की पुढचा दिवस कंबर धरण्यात जातो. हॉटेल आणि वापोरेत्तोचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीचा, धक्का यांमध्ये किती पूल आहेत, हे हॉटेलला ई-मेल करून विचारा. सरळ उत्तर देतात. वापोरेत्तोचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोच्या घरात आहे, त्यामुळे दिवसात तीनदा चढणार असाल तर चोवीस तासांचा पास परवडतो. तो प्रत्येक वेळी यंत्राला लावायचाच. विमानतळाची बोट वेगळ्या कंपनीची असते, तिला हा पास चालत नाही.

२०२४ पासून ठरावीक तारखांना दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. आधी भरलं तर कमी, ऐनवेळी जास्त. शहरात किंवा मेस्त्रेत मुक्काम असेल तर शुल्क माफ, पण माफीची नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. हॉटेल बुक केलं म्हणजे झालं, असं नाही. मुक्काम कर मात्र इटलीत जवळपास सगळीकडे माणशी, रात्रीप्रमाणे हॉटेलात वेगळा द्यावा लागतो.

शरद ऋतूत आणि हिवाळ्यात समुद्राची भरती चढते. पाणी ११० सेंटिमीटरच्या वर जाण्याचा अंदाज असला की मोझे नावाचे अडसर उचलतात, पण सान मार्को चौक त्याहून खालच्या पातळीलाच भिजतो. नोव्हेंबरमध्ये जाताना कापडी बुटांवर विसंबू नका.

शाकाहारी म्हणून मागवलेलं, पण नसलेलं

पास्ता, पिझ्झा, चीज म्हणजे शाकाहाऱ्यांची चंगळ, असं समजून जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पार्मेजानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही चीज प्राण्यांच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. आणि ती न विचारता वरून भुरभुरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी मागवतानाच ‘सेन्झा पार्मेजानो’ सांगावं. मोझरेलाबद्दलही विचारून घ्यावं. ताज्या पास्त्यात, म्हणजे तालियातेल्ले, राविओली, लाझान्यात, बहुधा अंडं असतं. वाळवलेली स्पगेटी, पेन्ने सहसा फक्त रवाळ गहू आणि पाणी. अंडं न खाणाऱ्यांनी वाळवलेलाच पास्ता मागावा. भाज्यांचं सूप आणि रिसोत्तो मांसाच्या रश्शात शिजवलेलं असू शकतं. रोममधली तळलेली भोपळ्याच्या कुळातली फुलं दिसायला आपल्या भज्यांसारखी, पण आत चीजबरोबर अँचोव्ही मासा असतो. तिरामिसूमध्ये कच्चं अंडं असतं. उलट पिझ्झा मारिनाराचं नाव समुद्राचं असलं तरी त्यावर टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढंच.

‘व्हेजेतारियानो’ एवढं म्हणून पुरत नाही. ‘निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दि कार्ने’ असं मोबाइलवर लिहून दाखवा: मांस नको, मासा नको, मांसाचा रस्सा नको. अंडं नको असेल तर ‘निएन्ते उओवा’ जोडा.

जेवणाच्या वेळाही सांभाळा. दुपारी तीन ते सात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. साडेचारला भुकेल्या मुलांना घेऊन हिंडण्यापेक्षा वजनावर पिझ्झाचे तुकडे विकणारं दुकान गाठा. बिलातली ‘कोपेर्तो’ ही माणशी बसण्याची रक्कम फसवणूक नाही, ती मेनूवर छापलेली असते.

घरून काय न्यायचं? तूप, पेढे, खवा आणि ताजा कढीपत्ता नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. भाजणीचं थालीपीठ पीठ, कोरडी चटणी, चिवडा यांनी भागतं.

गाडी, पायवाट आणि पासपोर्ट

भाड्याची गाडी घेतलीत तर आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट हवंच. जुन्या शहरांभोवती झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचं क्षेत्र असतं, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी भारतात येते. भाड्याची कंपनी तुमचं नाव कळवण्याचे पैसे वेगळे कापते. जितक्यांदा आत शिराल तितके दंड. हॉटेल आतल्या भागात असेल तर गाडीचा नंबर हॉटेलकडून आधी नोंदवून घ्या, नाहीतर गाडी बाहेर लावा.

चिंक्वे तेर्रेला गाडी नेण्यात अर्थ नाही. ला स्पेझिया किंवा लेवांतोला मुक्काम करून रेल्वेने पाचही गावं करावीत. कोर्निलियाच्या स्टेशनपासून गावात जायला ३८२ पायऱ्या आहेत. छोटी बस असते, पण ती भरली की थांबावं लागतं. पायवाटांवर चपला घालून गेलात तर दंड होऊ शकतो, आणि पावसानंतर दरडी पडून वाटा बंद होतात. त्या दिवशी कोणती वाट चालू आहे, हे बघितल्याशिवाय पायवाटांचा पास असलेलं चिंक्वे तेर्रे कार्ड विकत घेऊ नका.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा. तिथलं यंत्र ‘रुपयांत की युरोत’ विचारतं तेव्हा युरोच निवडा, रुपयांत त्यांचा महागडा दर लागतो. आपली जाड तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, दोन गोल बारीक पिनांचा मोबाइल चार्जर सहसा बसतो.

रोमची ६४ नंबरची बस आणि मेट्रोची ए मार्गिका इथे खिसेकापू ठरलेले असतात, दार बंद होतानाची धक्काबुक्की हीच त्यांची वेळ. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये ठेवा आणि त्याच्या प्रती वेगळ्या बॅगेत. हरवलाच तर प्रथम पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग दोन फोटो आणि पासपोर्टची प्रत घेऊन रोमचा भारतीय दूतावास किंवा मिलानचा वाणिज्य दूतावास गाठा. तातडीचं प्रमाणपत्र मिळतं ते फक्त भारतात परतण्यापुरतं. त्यावर पुढचा पॅरिस किंवा स्वित्झर्लंडचा टप्पा करता येत नाही, म्हणून ती आरक्षणं त्याच दिवशी रद्द करायला घ्या.