इंग्लंडात घर ठरवण्याआधी ईपीसी बघा

पुण्यात घर भाड्याने घेताना आपण विचारतो, पाणी किती वेळ येतं, लिफ्ट आहे का, वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात तापतं का. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांनी त्या यादीत एक प्रश्न सगळ्यात वर घालावा: ईपीसीचा बँड कोणता? ईपीसी म्हणजे एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट. फ्रिज घेताना आपण त्यावरचे तारे बघतो ना, तसं हे घराचं. त्याचे बँड हिरव्या ए पासून लाल जी पर्यंत, ए सगळ्यात चांगला.

आम्ही २०१४ च्या नोव्हेंबरात रेडिंगला आलो. लाल विटांचं जुनं टेरेस घर, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या रांगेतलं, स्टेशन चालत दहा मिनिटांवर. त्याच दिवशी डिपॉझिट देऊन मोकळे झालो. एजंटने सर्टिफिकेटचा विषय काढला नाही, आणि असं काही असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. डिसेंबरात एके सकाळी मुलाची गादी भिंतीपासून ओढली, तर मागची कड ओली आणि भिंतीवर काळी बुरशी. तो पंधरा दिवस का खोकत होता ते तेव्हा कळलं. मग शेजारच्या काकूंनी सांगितल्यावर सरकारी रजिस्टर उघडलं. बँड एफ, भिंती एकसंध विटेच्या, इन्सुलेशन (घरातली ऊब धरून ठेवणारा थर) नाही. सगळं आधीपासून तिथे लिहिलेलं होतं.

हे रजिस्टर कोणालाही फुकट बघता येतं. पोस्टकोड टाका, घर निवडा, झालं. घर बघायला जाण्याआधी बसमध्ये बसूनसुद्धा होतं. पूर्ण घर भाड्याने घेत असाल तर घरमालकाने सर्टिफिकेट तुम्हाला विनामूल्य द्यायचं असतं. ते दहा वर्षं चालतं, म्हणून तारीख बघा. स्कॉटलंडचं रजिस्टर आणि नियम वेगळे आहेत.

पण नुसतं अक्षर बघून थांबू नका. हा बँड घराच्या क्षेत्रफळाच्या मानाने ऊर्जेचा खर्च किती, यावर ठरतो आणि तोही ठरावीक राहणीमान गृहीत धरून. त्यामुळे मोठ्या सी घराचं बिल छोट्या डी फ्लॅटपेक्षा जास्त येऊ शकतं. शिवाय दिवसभर घरून काम करणारे दोघं आणि लहान मूल असेल तर तुमचा खर्च कागदावरच्या आकड्याच्या वर जाणारच. खाली भिंती, छत, खिडक्या, हीटिंग अशा ओळी असतात, त्या वाचा. हीटिंग विजेचं असेल तर नीट विचार करा, कारण इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटपेक्षा कितीतरी महाग आहे. बँडबरोबर गुणांचे दोन आकडे दिसतील, आत्ताचा आणि सुधारणा केल्यावर होऊ शकेल असा. राहायचं तुम्हाला आत्ताच्या आकड्यात आहे.

आणि आपल्या स्वयंपाकाचं एक सांगते. कुकरच्या शिट्ट्या, उकळणारी आमटी, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, ही सगळी वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते. एक्झॉस्ट लावा, आणि थंडी वाजते म्हणून खिडकीच्या वरची हवेची फट टेप लावून बंद करू नका. आम्ही केली होती.

आता घरमालकांसाठी. आपल्यातले बरेच जण घर घेतात, मग नोकरी दुसऱ्या शहरात लागते आणि घर भाड्याने देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारासाठी आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांसाठीही किमान ई बँड लागतो. एफ किंवा जी असेल तर सुधारणेवर व्हॅटसह ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करणं अपेक्षित आहे. तेवढं करूनही ई गाठता आला नाही तर या नियमातून पाच वर्षांच्या सुटीची, म्हणजे एक्झम्प्शनची, नोंद करता येते. नोंद न करता तसंच भाड्याने दिलंत तर दंड ५,००० पौंडांपर्यंत जातो. किमान बँड सी करण्याची दिशा सरकारने मांडली आहेच, म्हणून जुनं घर भाड्यासाठी घेताना डी वर समाधान मानू नका.

पैसे घालायचे तर आधी छतावर. माळ्यावर २७० मिलिमीटर इन्सुलेशन घालायची शिफारस असते, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं जास्त.

एक गोष्ट मात्र फार जण चुकतात. सर्टिफिकेटसाठी घर तपासायला येणारा अ‍ॅसेसर भिंत फोडून बघत नाही. त्याला पुरावा दिसला नाही तर घराच्या वयावरून तो अंदाज धरतो, आणि जुन्या घराचा अंदाज वाईटच असतो. आमच्या एका स्नेह्यांनी मागच्या खोलीच्या भिंतींना आतून इन्सुलेशन केलं, वर प्लास्टर झालं, बिल हरवलं. सर्टिफिकेटवर आलं, इन्सुलेशन नाही. काम चालू असतानाच फोटो काढा, बिलं आणि गॅरंटीचे कागद एका फाईलमध्ये ठेवा. तो येणार त्या दिवशी माळ्याच्या झाकणाखालचं सामान हलवून ठेवा, म्हणजे त्याला वर डोकावता येईल.