कॉलर माइक लावलात, पण आवाज नेमका कुठून येतोय?

बाहेरचा माइक जोडला की रेकॉर्डिंग त्यातूनच होतंय, असं गृहीत धरू नका. मी एकदा तासाभराची मुलाखत घेतली आणि घरी येऊन ऐकतो तर सगळा आवाज फोनच्याच माइकचा, पंख्याच्या घरघरीसकट! दोष पिनेचा होता. ३.५ मिमीच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर ती सहसा कॅमेऱ्यासाठीची. फोनच्या जॅकला तीन रेघांची लागते. तेव्हापासून सुरुवातीला माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडतो आणि हेडफोन लावून ऐकतो. खरखर मोठ्याने आली की माइक चालू आहे. टिचकी किंवा फुंकर मात्र मारू नका, आतला पडदा नाजूक असतो.

कॉलर माइक हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावा. ओढणी, साखळी, मंगळसूत्र त्याला घासणार नाही एवढं बघा. ती खसखस नंतर काढता येत नाही. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे कोणी मोठ्याने हसलं तरी आवाज फाटत नाही.

स्पंजची टोपी काढून कोमट साबणपाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत चढवा. माइकला पाणी लावू नका, कोरडा मऊ ब्रश पुरतो. वायर बोटांभोवती करकचून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा; ती तुटते ती बहुधा पिनेजवळच. डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. आणि हो, वायरलेस असेल तर महिनोन्महिने पडून असतानाही अधूनमधून चार्ज करत जा.