पोर्शे ९११ एससीच्या ब्रेक डिस्क बदलताना पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ कसा साधावा

श्टुटगार्टमध्ये १९७८ ते १९८३ या काळात तयार झालेल्या पोर्शे ९११ एससीला चारही चाकांवर हवा खेळती ठेवणाऱ्या, २० मिमी जाडीच्या डिस्क बसवलेल्या असतात. तिच्यानंतर आलेल्या कॅरेरा ३.२ मध्ये डिस्कचा व्यास जवळपास तोच ठेवून जाडी २४ मिमी करण्यात आली. एससीचे ब्रेक सुधारू इच्छिणाऱ्यासाठी हा कॅरेराचा संच सर्वांत समंजस पर्याय आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात कारखान्यानेच पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे गणित जुळवून दिलेले आहे.

जाड डिस्क बसवल्याने एकाच जोरदार ब्रेकमध्ये गाडी कमी अंतरात थांबेल, अशी अपेक्षा ठेवू नये. चाक लॉक करण्याइतकी, म्हणजे ते फिरायचे थांबून घसरू लागेल इतकी, ताकद जुन्या ब्रेकमध्येही असते आणि तिथून पुढची मर्यादा टायरच्या पकडीची असते. फरक पडतो तो उष्णतेच्या बाबतीत. चालक आणि इंधन धरून १३०० किलो वजनाची गाडी ताशी १४४ किमी वेगावरून पूर्ण थांबवली, तर सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तेवढ्यात ३ लिटर पाणी उकळीला येईल. घाटाच्या उतारावर किंवा ट्रॅकवर हे वारंवार घडते, तेव्हा जास्त वजनाची डिस्क सावकाश तापते, पॅडची, म्हणजे डिस्कला घासून तिला रोखणाऱ्या पट्ट्यांची, पकड टिकते आणि ब्रेक ऑइल उकळण्याचा धोका कमी होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ९११ चे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे तिचे मागचे ब्रेक इतर बहुतेक गाड्यांपेक्षा जास्त वाटा उचलतात. म्हणूनच पुढची डिस्क साधारण २८२ मिमीची, तर मागची २९० मिमीची असते. एससीच्या पुढच्या कॅलिपरमधील (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणाऱ्या भागातील) पिस्टन ४८ मिमीचे आणि मागचे ३८ मिमीचे असतात. कॅरेरात पुढचे पिस्टन तेवढेच राहिले, मागचे मात्र ४२ मिमीचे झाले. पिस्टनचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, ऑइलचा दाब तोच असताना मागच्या पॅडवरील जोर सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. हा वाढीव जोर आवरला नाही, तर जोरदार ब्रेक लावताच मागची चाके आधी लॉक होतात, आणि वळणावर तसे झाले तर ९११ क्षणात गिरकी घेते. यासाठीच कॅरेरात मागच्या ब्रेककडे जाणारा दाब ठरावीक मर्यादेनंतर सावकाश वाढू देणारा व्हॉल्व्ह बसवलेला आहे. मागचे कॅलिपर घेताना हा व्हॉल्व्हही घ्यावा. तो वगळून पैसे वाचवू नयेत.

एससीच्या जुन्या कॅलिपरमध्ये २४ मिमीची डिस्क बसवण्यासाठी पॅड घासून पातळ करण्याची युक्ती काही जण सांगतात. ती अजिबात स्वीकारू नये. जाड डिस्कसाठी रुंद कॅलिपरच हवेत. त्याहून जुन्या, आखूड अंतराच्या कॅलिपर-बोल्टच्या ९११ वर काम करणार असाल, तर आधी बोल्टमधले अंतर मोजावे: ते ३ इंच असेल तर हे कॅलिपर थेट बसणार नाहीत, त्यांना साडेतीन इंच लागतात. सुटे भाग मागवण्यापूर्वी पुठ्ठ्याचा साचा कापून चाकाच्या आत कॅलिपरला पुरेशी जागा उरते का, हेही पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष काम गाडी भक्कम स्टँडवर घेऊनच करावे. कॅलिपर सोडल्यावर तो होज पाइपवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. पुढची डिस्क हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या, मागच्या बाजूने बोल्टने जोडलेली असल्याने संपूर्ण हब उतरवावा लागतो. त्या निमित्ताने बेअरिंग धुऊन, तपासून नवे ग्रीस भरावे आणि सील बदलावे. हब परत चढवल्यावर बेअरिंगचा नट किती आवळावा, याची खूण फार सुंदर आहे: स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच ढकलले असता नटामागचा वायसर जेमतेम सरकला पाहिजे. जोर लावावा लागला तर नट जास्त आवळला आहे, आणि हबला हाताने जाणवेल असा खेळ असेल तर तो सैल आहे. मागची डिस्क दोन स्क्रूंवर बसते. ते गंजून अडकलेले असतात, म्हणून योग्य मापाचे टोक लावून हातोडीचा हलका ठोका द्यावा. ती निघत नसेल तर आतले हँडब्रेकचे लायनर आधी सैल करावेत.

डिस्क टेकते तो हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावा. तिथे राहिलेला गंजाचा कण डिस्कच्या कडेला कित्येक पट वाढून थरथर म्हणून पेडलवर जाणवतो. डिस्क बसल्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) लावून ती फिरवावी, आणि डगमग ०.१ मिमीपेक्षा जास्त भरली तर हबवर तिची जागा बदलून पुन्हा मोजावी. आतल्या पट्ट्या वक्र असलेली डिस्क घेतली असेल, तर पट्ट्यांची बाहेरची टोके फिरण्याच्या दिशेच्या मागे राहतील, अशा प्रकारे डावी-उजवी ठरवावी. डिस्कच्या पृष्ठभागावरच्या खाचांवरून दिशा ठरवू नये. भोके पाडलेल्या डिस्कला भोकांच्या कडेने तडे जातात, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीसाठी मी साध्या डिस्कच सुचवेन.

होज पाइप जुने असतील तर तेही याच वेळी बदलावेत, कारण ते आतून फुगले की पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतो. पुढे-मागे एकाच जातीचे पॅड घालावेत, नाहीतर व्हॉल्व्हने साधलेला मेळ पुन्हा बिघडतो. सर्व बोल्ट कार्यशाळा-पुस्तिकेतील आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळावेत, ताजे डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल भरावे आणि प्रत्येक कॅलिपरमधील हवा पूर्ण काढावी.

नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किमीवरून २० किमीपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करावा आणि डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे न राहता गाडी चालती ठेवून ती थंड होऊ द्यावी. मेळाची चाचणी बंदिस्त, मोकळ्या जागेत घ्यावी: बाहेर उभ्या केलेल्या माणसाने कोणती चाके आधी लॉक होतात ते पाहावे. पुढची चाके आधी लॉक झाली तरच गाडी रस्त्यावर आणावी. मागची झाली, तर व्हॉल्व्ह आणि पॅड यांची तपासणी नव्याने सुरू करावी.