अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ बुडापासून पांढरे पडत होते, ते कसे थांबले: माझा अनुभव

न्यू जर्सीतील माझ्या ३०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालय-टाकीत अ‍ॅक्रोपोराच्या (फांद्या फुटणाऱ्या कठीण प्रवाळाच्या) बुडाची ऊती सोलून पांढरा सांगाडा उघडा पडू लागला आणि ती कड रोज दोन-तीन मिलिमीटर वर सरकत होती. टोकांवरचे पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) मात्र उघडलेले असत. आयोडीनच्या द्रावणात बुडवणे, मोठा पाणीबदल, दिवे मंद करणे, कशानेही फरक पडला नाही. तीन आठवडे हे डोळ्यांदेखत पाहणे फार जड गेले.

दोष सापडला तो अल्कलिनिटी (प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणाऱ्या पाण्यातील कार्बोनेटांचे माप) दिवसातून दोनदा मोजल्यावर: सकाळी ७.२ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक), रात्री ९.१, कारण द्रावण आपोआप सोडणारा डोसिंग पंप दिवसभराची मात्रा एकदाच सोडत होता. शिवाय नायट्रेट व फॉस्फेट ही पोषकद्रव्ये शून्य होती, आणि अशा उपाशी पाण्यात हा चढउतार प्रवाळाला अधिक बाधतो.

प्रथम पांढऱ्या कडेच्या एक सेंटिमीटर वर, निरोगी भागातूनच, फांद्या कापून जेल सुपरग्लूने नव्या प्लगवर (प्रवाळाचे तुकडे बसवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवल्या. त्यानंतर अल्कलिनिटीची मात्रा २४ भागांत वाटून दर तासाला एक भाग सोडला. कॅल्शियम अर्ध्या तासाच्या अंतराने, कारण दोन्ही एकत्र आल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. रोज ठरावीक वेळी मोजून पातळी ८ वर ठेवली. शेवटी फॉस्फेट शोषणारे माध्यम काढले आणि खाद्य हळूहळू वाढवून नायट्रेट ५ व फॉस्फेट ०.०५ पीपीएमपर्यंत आणले.

पाचव्या दिवशी कड थांबली. चौथ्या आठवड्यात नवी ऊती प्लगवर पातळ, जांभळट थरासारखी पसरू लागली; शेवाळ चढलेल्या जुन्या सांगाड्यावर मात्र ती परतली नाही.