रुग्णाने पाणी मागितलं, तर आधी सिस्टरना विचारा

शाळा-कॉलेजात असताना हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून जाणार असाल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खाटेवरचे आजोबा सुकलेल्या ओठांनी "बाळ, घोटभर पाणी दे रे" म्हणतात आणि आपला हात आपसूक बाटलीकडे जातो. तिथेच थांबा. त्यांचं ऑपरेशन असेल तर पोट मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं, कारण भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत तर साधं पाणीही गिळताना श्वासनलिकेत जाऊ शकतं. "आजोबा, सिस्टरना विचारून लगेच येतो," असं म्हणा आणि खरंच लगेच परत या. नकार मिळाला तरी येऊन सांगा. वाट बघत पडून राहणं फार जड जातं हो. उठवून बसवणं, बाथरूमला नेणं, यालाही हाच नियम.

खाटेजवळ जाण्याआधी आणि तिथून निघताना हात स्वच्छ करा, साबणाने ४० ते ६० सेकंद किंवा सॅनिटायझरने २० ते ३०. सर्दी-ताप असेल त्या दिवशी फोन करून कळवा आणि घरीच थांबा. वॉर्डात कळलेलं कुणाचंही दुखणं जवळच्या मित्रालाही सांगायचं नाही, आणि फोटो तर मुळीच काढायचा नाही.