थर्मोकोलच्या गुहा: या चुका टाळा

टेबलटॉप युद्धखेळासाठी, म्हणजे टेबलावर छोट्या बाहुल्या हलवत खेळायच्या लढाईसाठी, गुहा बनवायची तर बहुतेक साहित्य घरातच सापडतं: मिक्सरच्या खोक्यातला थर्मोकोल, अंड्यांचे कागदी ट्रे, फेविकॉल, काळा अॅक्रिलिक रंग. काम बिघडतं ते साहित्य स्वस्त असल्यामुळे नव्हे, क्रम चुकल्यामुळे.

पहिली चूक कटर हातात घेण्याआधीच होते. २८ मिमी उंचीच्या मापातल्या बाहुल्यांचे तळ साधारण २५ किंवा ३२ मिमीचे असतात. दोन बाहुल्या शेजारी उभ्या राहायच्या, वर बोटंही आत जायची, तर वाट किमान ६५ मिमी रुंद हवी. हे माप भिंतीच्या पायथ्याशी घ्या, वरच्या कडेला नाही. भिंत खाली पसरट केली की दिसते झकास, पण मग बाहुली उभी करायला सपाट जागाच उरत नाही. छप्पर घालूच नका, किंवा उचलून बाजूला ठेवता येईल असं करा.

सगळ्यात जास्त गुहा मरतात त्या स्प्रे पेंटने. त्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल अक्षरशः विरघळवतं. आधी फेविकॉल आणि काळा अॅक्रिलिक एकत्र करून दोन हात द्या, फटींमध्ये ब्रश खुपसून. सुईच्या टोकाएवढी जागा उघडी राहिली तरी स्प्रे तिथून आत शिरतो आणि तुकडा पोकळ करतो. खरं तर या लेपानंतर स्प्रेची गरजच उरत नाही. तुकडा आधीच विरघळला असेल तर फेकू नका. फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू त्या खड्ड्यात दाबून बसवा. गुहेत एक भोक जास्त झालं म्हणून कोणी विचारत नाही.

चिकटवण्यातही हाच घोळ. चपला-रेक्झिनचा पिवळा गोंद आणि सुपरग्लू, दोन्ही थर्मोकोल खातात. हॉट ग्लू फार गरम असेल तर खड्डा पाडतो. फेविकॉल चालतो, पण दोन जाड थरांच्या मध्ये त्याला हवा मिळत नाही, म्हणून कडा सुकल्या तरी मधला भाग कित्येक दिवस ओला राहतो. पातळ हात द्या, तुकडे धरून ठेवायला टूथपिक आरपार खुपसा आणि पुढच्या कामाला लागा.

गुहेखालचा पुठ्ठ्याचा तळ ओल्या रंगाने वाकतो. खालच्या बाजूलाही तेवढाच रंग द्या किंवा सरळ ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) वापरा. वाकलाच, तर उलटी बाजू ओलसर करून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. पावसाळ्यात कागदाचा लगदा जाड थापू नका. सुकायच्या आधी बुरशी धरतो.

थर्मोकोल हाताने मोडला की दगड दिसत नाही, साबुदाणा दिसतो. नवं पातं लावून कापा, आणि चुरगाळलेला अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून खरखरीतपणा आणा. तरीही दाणे दिसले तर वर टिश्यू आणि फेविकॉलचं पाणी. दिवाळीच्या किल्ल्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकतात, तोच प्रकार. गरम तारेने कापत असाल तर खिडकी उघडी ठेवा. तो धूर चांगला नाही.

आता माझी तक्रार रंगाबद्दल. काळ्या भेगाळ कातळावर लोणकढ्या तुपासारखे ओघळलेले चुनखडीचे सुळके अनेक जण चिकटवतात. तुम्हाला नेमका कोणता दगड हवाय? सह्याद्रीचा बेसॉल्ट आडव्या थरांचा आणि काळपट. सुळके हवे असतील तर आंध्रातल्या बोरा गुहेसारखी चुनखडी करा, म्हणजे पिवळट-तपकिरी, वळणदार, आणि मग भिंतीही तशाच. दोन्हींत रंग गडदाकडून फिक्याकडे न्या. ड्रायब्रशच्या, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग फिरवण्याच्या, आधी ब्रश कागदावर इतका पुसा की रंग संपलाच असं वाटावं. नाहीतर कडा उजळण्याऐवजी पट्टे उमटतात. शेवटी पाण्यात मिसळणारं मॅट वार्निश. ग्लॉस फक्त जिथे ओल झिरपताना दाखवायची तिथेच.